जपानच्या लेकीला डोंबिवलीचं पाणी

वाईला परत येऊन आठवडा झाला नाही तोच घाटावर, बाजारात, न्हाव्याच्या दुकानात, जिथे जावं तिथे एकच प्रश्न. "काय हो भटजी, जपान्यांचं श्राद्ध घातलंत म्हणे?" आणि पुढे ते ठरलेलं हसू. आमचे चुलतबंधू अण्णा तर चारचौघांत म्हणाले, "अरे, जेवायला जपानी ब्राह्मण कुठून आणलेस?" एकेकाला उत्तर देऊन माझं तोंड दुखायला लागलं. म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढतो. ज्यांना हसायचंय त्यांनी आधी वाचावं आणि मग खुशाल हसावं.

पहिली गोष्ट, ते श्राद्ध नव्हतं, तर्पण होतं. श्राद्धाला पिंड, पानं, पंगत असा मोठा घाट असतो. तर्पण म्हणजे गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याला ओंजळीने पाणी द्यायचं, बस्स. हा फरक अण्णालाही पक्का ठाऊक आहे, पण माझी चेष्टा करायची असली की तो विसरतो.

झालं असं. माझा भाचा माधव डोंबिवलीला राहतो आणि मुंबईत एका कचेरीत नोकरी करतो. मे महिन्यात तो आमच्याकडे आंबे खायला आला आणि जाता जाता माझ्या गळ्यात ही घोरपड बांधून गेला. "मामा, सहा ऑगस्टला हिरोशिमावर तो बॉम्ब पडला त्याला दहा वर्षं होतील. ठाणं, कल्याण, डोंबिवली अशा तिन्ही गावच्या मंडळींनी मिळून त्या लोकांची आठवण करायची ठरवलंय. ठाण्याला तळ्याकाठी बसायचं, कल्याणला दिवे तयार करायचे आणि डोंबिवलीला खाडीवर तर्पण. तर्पण सांगायला तुम्ही या."

"का? तुमच्याकडचे भटजी संपले?"

"आहेत, पण नाही म्हणतात." मग त्याने मला बाळारामची हकीकत सांगितली. बाळाराम म्हणजे डोंबिवलीच्या खाडीकाठच्या गावातला एक ट्रक ड्रायव्हर. लढाई संपल्यावर आपली फौज जपानात पहाऱ्याला होती, त्या फौजेत हा मोटार चालवायला होता. तिथल्या एका म्हाताऱ्याला त्याने शब्द दिला होता, की तुझ्या मेलेल्या मुलीला माझ्या घरचं पाणी देईन. परत येऊन आठ वर्षं झाली, भटजींचे उंबरे झिजवून झाले, आणि शब्द तसाच राहिलेला.

खरं सांगतो, मी निघालो तो नाही म्हणायलाच. पण नाही म्हणायचं तर समोर बसून, कारणासकट म्हणावं, असा माझा स्वभाव आहे. शिवाय ठाणं मी पाहिलेलं नव्हतं, हेही आहेच.

ठाणे

वाटेचं काही सांगण्यासारखं नाही. बसलो, डुलक्या काढल्या, उतरलो. वाईचा पाऊस पडतो आणि जातो. ठाण्याचा पाऊस पडत नसतो तेव्हासुद्धा अंगावरच असतो. माझं उपरणं तिथे उतरल्यावर जे दमट झालं ते वाईला येऊन वाळलं.

माधवने माझी उतरण्याची सोय एका निवृत्त हेडमास्तरांकडे केली होती. मास्तर म्हणजे अगदी देवमाणूस, फक्त शाळा सुटल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नसावं. मला दारात पाहताच म्हणाले, "या, बसा. पाय धुतले का?" मी मुकाट्याने उठून पाय धुतले. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती, पण त्यांच्या घरी अजून नारळाचं राज्य चालू होतं. वहिनींनी माझ्यासाठी पुन्हा नारळीभात केला. आमच्याकडे घाटावर नारळीभातात नारळ शोधावा लागतो. इथे मला भात शोधावा लागला. तीनदा वाढून घेतला, आणि मास्तरांनी चौथ्यांदा माझ्याकडे असं पाहिलं की मी हात आखडता घेतला.

दुपारी कोपिनेश्वराचं दर्शन घेतलं. पिंडी केवढी! आमचा ढोल्या गणपती मोठा म्हणून आम्ही मिरवतो. तोही या पिंडीशी मानाने बोलला असता. देवळाबाहेरच मासुंदा तळं. संध्याकाळी तिथेच बसायचं होतं.

बसायचं म्हणजे नुसतं बसायचं. बोलायचं नाही. मौन हा प्रकार आम्हा वाईकरांना जरा अवघडच. आमच्याकडे कुणी गेलं की माणसं येतात ती बोलायला. गेलेला किती खायचा, कुणाशी भांडायचा, कोणती गाय किती दूध द्यायची, सगळं निघतं, आणि रडणारी बाई मधेच पदराआडून हसतेसुद्धा. इथे शे-दीडशे माणसं कंदील घेऊन तळ्याच्या पायऱ्यांवर बसली, मास्तरांनी घड्याळ पाहिलं, आणि सगळं चिडीचूप. बेडकांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. बारीक पाऊस भुरभुरत होता. माझ्या शेजारच्या गृहस्थांची छत्री गळकी, आणि तिचं पाणी नेमकं माझ्या मानेत. बोलायचं नाही म्हटल्यावर सांगणार कसं? मी त्यांच्याकडे डोळे वटारले. त्यांना वाटलं मी फार गहिवरलोय. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि छत्री आणखी माझ्यावर धरली.

एवढ्यात मागून आरोळी आली, "गरमागरम शें..." आणि मधेच तुटली. शेंगदाणेवाला होता. त्याने इतकी माणसं गप्प बसलेली पाहिली, पाटी खाली ठेवली, डोक्यावरचं पोतं सारखं केलं आणि आमच्यात येऊन बसला. कुणासाठी बसलोय हे त्याने विचारलंही नाही. मला तो माणूस फार आवडला. मौन सुटल्यावर त्याचे सगळे शेंगदाणे खपले, आणि त्यातले बरेचसे मी खाल्ले.

शेवटी मास्तर थोडंसं बोलले. म्हणाले, "त्या सकाळी त्या गावात जे जिवंत राहिले ते नद्यांकडे धावले. अंग भाजलेलं, कातडी लोंबतेय, आणि तोंडात एकच शब्द, पाणी. पुष्कळ जण पाण्याशी पोचूनच गेले." एवढंच बोलून ते खाली बसले. इतका वेळ माझ्या मनात गळकी छत्री आणि शेंगदाणे होते. ते ऐकल्यावर हातातले दाणे मी तसेच खिशात टाकले. गेल्या माणसाला पाणी देणं हा माझा धंदा. घाटावर बसून आयुष्यभर लोकांकडून मी हेच करवून घेत आलोय, आणि मेलेल्याला तहान असते हे मंत्रासारखं तोंडपाठ असूनही कधी मनाला भिडलं नव्हतं.

घरी येताना मास्तरांनी परीक्षा घेतलीच. "भटजी, तर्पणाला नाव-गोत्र लागतं ना? जपान्यांचं गोत्र काय सांगणार?"

"गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावं, अशी सोय आहे. सगळी माणसं शेवटी त्या काश्यपाचीच."

"वा! आणि नाव?"

"नाव मात्र पाहिजे."

"नाव बाळारामपाशी आहे," मास्तर म्हणाले. "एकच आहे, पण आहे." म्हणजे माझं 'नाही' म्हणण्याचं एक कारण मीच आपल्या तोंडाने उडवून बसलो होतो.

कल्याण

दुसऱ्या दिवशी सकाळीच कल्याण गाठलं. कल्याण हे जुनं, खानदानी गाव आहे आणि ते तुम्हाला पंधरा मिनिटांच्या आत सांगितलं जातं. दुपारी दुर्गाडीवरून खाडी पाहिली. मचवे उभे होते, पाणी काठोकाठ, रंग चहाचा. मी मनात म्हटलं, छान आहे नदी, कृष्णामाईइतकी नितळ नाही, पण पाण्याला तोटा नाही. हे वाक्य लक्षात ठेवावं. त्याने पुढे माझी चांगलीच जिरवली.

एका शाळेच्या हॉलमध्ये पोरी आणि बायका दिवे करत होत्या. तिकडे जपानात म्हणे नदीत कागदाचे कंदील सोडतात. तसे यांनी रंगीत कागदाचे सुरेख कंदील केले होते आणि आदल्या दिवशी हौसेने तळ्यात सोडून पाहिले होते. श्रावणातलं कल्याण ते! दोन सरींत सगळ्याचा लगदा झाला. त्या लगद्याकडे बघून एक बाई मला म्हणाल्या, "भटजी, जपानात श्रावण नसतो का हो?" मला काय ठाऊक? मी म्हटलं, "असेल, पण तो शहाण्यासारखा पडत असेल."

मग केळीच्या सोपटाच्या होड्या करायचं ठरलं होतं. त्यात पणती ठेवायची आणि वर करंजाच्या पानाचं छप्पर. आपल्याकडे हरताळकेला पूजेत पत्री वाहतात, तसा पाला-पानांचा ढीग पडला होता. तेवढ्यात बाहेर ट्रकचा भोंगा वाजला आणि एक उंच, काळासावळा, खांद्याने रुंद माणूस केळीचे दोन बुंधे दोन बगलांत मारून आत आला. बुंधे टाकले, मला पाहिलं, आणि टाचा जुळवून खाडकन सलाम ठोकला. मला आजवर नमस्कार पुष्कळ मिळालेत. सलाम पहिलाच. मी गडबडून आशीर्वाद दिला.

"मीच बाळाराम. माधवरावांनी सांगितलेलं. चला, तुमाला डोंबिवलीला मीच नेतो."

ट्रक विटांचा होता. पुढच्या बाकावर बसायला मला वर चढवताना खालून बाळाराम आणि वरून क्लीनर अशी दोघांची झटापट झाली, आणि पोरींना हसायला विषय मिळाला. मानपाड्यावरून वळसा घेऊन जायचं होतं. दोन्ही अंगाला भाताची खाचरं, लावणी झालेली, हिरवा रंग इतका की डोळ्यांना गार वाटावं. आमच्याकडची बाजरी-ज्वारी पाहिलेल्या माणसाला हा पाण्यात उभा असलेला भात पाहून वाटतं, याला सर्दी कशी होत नाही? बाळारामला हे सांगितलं तर तो इतका हसला की ट्रक एकदा खाचराकडे झुकला.

हसून झाल्यावर त्याने ट्रक पुन्हा रस्त्याच्या मध्यावर आणला. मग रस्त्याकडे बघतच बोलायला लागला. मी त्याला मधे एकदाही अडवलं नाही.

"आमच्या छावणीच्या गेटाशी एक म्हातारा बसायचा, बूट शिवायला. डोंगरातल्या गावचा. दीडेक वर्ष होतो ना तिकडे, त्यांची बोली थोडीफार जमायला लागलेली, बाकी हातवारे. त्याची लेक हाना. सोळा वर्षांची. शहरात कामाला गेलेली त्या दिवशी. यानी तिला हातगाडीवर घालून घरी आणली. ती रात्रभर पानी मागत होती. सगळे बोलले, भाजलेल्याला पानी दिलं की मरतं, देऊ नको. यानी दिलं नाय. सकाळी ती गेली ती गेलीच." त्याने गियर बदलला. "पितरपाखात आमच्यातली काही जणं नाव घेऊन पानी सोडत होती. हा बघत होता. मला विचारलं, काय करता? मी सांगितलं. तर भटजी, त्यानी माझे पाय धरले. बापाच्या वयाचा माणूस. बोलला, माझ्या हातून ती घेईल की नाय माहीत नाय. मी तिला नको बोललो ना. तुमच्या घरचं पानी द्या तिला. मी बोललो, देतो. आमच्या घरची लेक समजून देतो."

हिंदू नाही, नात्यातली नाही, गोत्र नाही, ही बाकीच्या भटजींनी सांगितलेली कारणं मी एका दमात उडवून लावणार होतो. तरी सवयीने विचारलं, "वडील?"

"आहेत की! ऐंशीच्या घरात, पण अजून बांधावर उभे राहून मलाच शिव्या देतात." हे सांगताना त्याचा चेहरा खुलला, आणि मग माझ्याकडे पाहून पडला. "तेच आड येतंय ना?"

तेच आड येत होतं. ज्याचे वडील हयात आहेत त्याने पितरांना तर्पण करायचं नसतं. ही काही माझी लहर नव्हे. वडील घरात धडधाकट असताना मुलाने पाण्यात उभं राहून तीळ सोडले, तर घरातली बाई किंचाळून उठेल. बाळारामने म्हणूनच आठ वर्षं घरात ब्र काढला नव्हता. म्हाताऱ्याला काय वाटेल? पोरगा माझ्या मरणाची तालीम करतोय?

"मी देतो तुझ्या वतीने," मी म्हटलं. "माझे वडील जाऊन वीस वर्षं झाली."

त्याने मान हलवली. "शब्द माझ्या घरचा दिलेला. तुमच्या वाईचा नाय."

मी 'नाही' म्हणायला आलो होतो, आणि आता त्याला खरंखुरं कारण सापडलं तर मला त्या कारणाचाच अगदी राग आला.

डोंबिवली

डोंबिवली अजून गाव आहे. चार-सहा चाळी, विहिरी, चिखलाचे रस्ते, आणि संध्याकाळी मुंबईहून सुटून आलेली माणसं हातात चपला घेऊन घरी जाताना दिसतात. माधवची चाळ विहिरीसमोरच. त्याची बायको सुमती ही माणदेशातली, जीभ तिखट आणि हात त्याहून तिखट. मी ताटावर बसून बाळारामचा पेच सांगितला, तर ती पिठलं वाढता वाढता म्हणाली, "मामा, एवढी पुस्तकं वाचलीत, त्यात एक पळवाट नाही? आमच्याकडे शेळीसुद्धा कुंपणातून वाट काढते."

"अगं, शास्त्र म्हणजे कुंपण आहे का?"

"मग काय आहे? बाहेरच्यांनी नुसतं उभं राहून बघायचं, आत यायचं नाही." माधव खाली मान घालून हसत होता. मी जास्तीचा भाकरीतुकडा मागून विषय बदलला, आणि रात्री पळवाट शोधत शोधतच झोपलो. सापडली नाही. मग ठरवलं, सगळ्यांसाठी म्हणून मी तर्पण करीन, हानाचं नावही मीच घेईन, आणि बाळारामला जवळ उभं करीन. निम्माशिम्मा शब्द पाळला जाईल. बरं नव्हतं वाटत, पण दुसरं काय करणार?

बॉम्ब सकाळी सव्वाआठच्या सुमाराला पडला, म्हणून तर्पण त्याच वेळी धरलं होतं. मी पंचांग पाहून मान डोलावली होती. खाडीकाठी पोचलो तो माणसंच माणसं. ठाण्याचे मास्तर घड्याळासकट हजर, कल्याणच्या पोरी होड्यांच्या टोपल्या घेऊन, डोंबिवलीच्या चाळकरी बायका, आणि बांधावर ओळीने उभे असलेले खाडीकाठच्या गावातले लोक. सगळे माझ्याकडे आदराने बघत होते. मी धोतर वर खोचलं, एका हातात तांब्या, एका हातात तिळाची वाटी, आणि पाण्यात उतरायला म्हणून खाडीकडे वळलो.

पाणी नव्हतं.

काल काठोकाठ भरलेली खाडी कुणीतरी पिऊन टाकली होती. पार लांब मधोमध एक धार चमकत होती आणि अलीकडे नुसता काळा, गुळगुळीत चिखल. आता आमची कृष्णा बिचारी सकाळ-संध्याकाळ घाटाशी असते. पावसाळ्यात वर येते, उन्हाळ्यात खाली जाते, पण रोज दोनदा घर सोडून जात नाही! मला वाटलं, ओला काठ आहे, चार पावलांवर पाणी लागेल. पहिल्या पावलाला घोट्यापर्यंत, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत, आणि तिसरं पाऊल काही निघेचना. तांब्या एकीकडे, तीळ दुसरीकडे, आणि मी मधे रुतलेला. अहो, मुंजीत बसलेल्या बटूसारखा दीनवाणा!

क्षणभर ठाण्याच्या तळ्यावरचं मौन झालं. मग कल्याणच्या एका पोरीला हसू फुटलं, आणि सगळा बांधच हसायला लागला. मास्तरसुद्धा. मलाही हसू आवरेना, आणि हसलो की आणखी खाली जायचो.

"आवो हालू नका, हालू नका!" असं ओरडत एक हाडकुळा म्हातारा फळी टाकून सरळ माझ्यापाशी आला आणि माझ्या बगलेत हात घालून मला ओढून काढलं. ऐंशीचा माणूस, पण पकड अशी की माझे खांदे दोन दिवस दुखत होते.

"अहो, पाणी नाही हे सांगायचं नाही का कुणी?" मी बांधावर बसून विचारलं.

तो म्हातारा अगदी निरागसपणे म्हणाला, "आमाला वाटला, पंचांगात ओहोटीचाच मुहूर्त आसंल. भटजीला कसा इचारायचा?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्या गावाला भरती-ओहोटी ठाऊक होती आणि सगळं गाव माझ्या विद्वत्तेला मान देऊन गप्प उभं होतं.

तो म्हातारा म्हणजेच जोमाबाबा, बाळारामचे वडील.

भरती दुपारनंतर होती. लोक पांगले, आणि जोमाबाबा मला आंघोळीला आपल्या घरी घेऊन गेले. त्यांच्या म्हातारीने गरम पाणी दिलं, बाळारामचं धुतलेलं धोतर दिलं आणि मग दारात घुटमळत म्हणाली, "श्रावन हाय. चुलीवर मासळी-वशाट काय नाय. जेवाल का?" आमच्या घराण्यात असं कुणी कधी जेवलं नव्हतं. पण मला सपाटून भूक लागली होती, आणि माझा जीव ज्याने राखला त्याच्या घरात शिवाशिवीचा विचार करायला मी काही अण्णा नव्हे. (अण्णा, हे वाचशीलच.) तांदळाची पांढरीशुभ्र, हातभर मऊ भाकरी आणि टाकळ्याची भाजी. तांदळाची भाकरी इतकी मऊ होते हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

जेवता जेवता जोमाबाबांनी विचारलं, "भटजी, माझ्या पोऱ्याला काय झालाय? जपानातना आला तवापासना पितरपाख आला का त्याचं तोंड उतरतं. इचारला तर बोलत नाय. तुमाला काय बोलला का?"

बाळाराम दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, नको. मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. या घरातलं आठ वर्षांचं गप्प बसणं मला त्या क्षणी सहन होईना. मी सगळं सांगितलं. बूट शिवणारा म्हातारा, हातगाडी, हाना, न दिलेलं पाणी आणि दिलेला शब्द. आणि बाळाराम का गप्प राहिला तेही.

म्हातारी पदर तोंडाला लावून बसली. जोमाबाबांनी आपलं ताट बाजूला सारलं. मग उठले आणि बाळारामवर असे काही कडाडले की कोंबड्या अंगणातून पळाल्या. "आठ वर्सा! आठ वर्सा ती पोर तानलेली ठेवलीस? मना बोलाया काय तुझी जीभ झडली होती?"

"बाबा, तुमी जिवंत..."

"मंग? जिवंत हाय म्हनूनच बोलाचा ना! मेल्यावर मना काय सांगनार होतास?" मग ते माझ्याकडे वळले. "भटजी, माझा बाप मरून जमाना झाला. मना चालतंय?"

"चालतं," मी म्हटलं. "तुम्हाला अगदी चालतं."

"शब्द घरचा दिला ना यानी? घर कोनाचा? माझा. मंग झाला तर." आणि खाली बसून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. रात्रभर शोधून मला जी वाट मिळाली नव्हती, ती भाकरी वाढता वाढता घरच्या धन्याने काढून दिली. मला इतका आनंद झाला की मी तीही भाकरी संपवली.

उतरत्या दुपारी पाणी आलं. आधी चिखलातल्या चिरांमधून सळसळ ऐकू आली, मग ओघळ जुळत गेले आणि बघता बघता माझी सकाळची पावलं बुजली. लोक पुन्हा जमले. पाऊस थांबला होता. जोमाबाबा काठाच्या दगडांवर, गुडघाभर पाण्यात दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, उपरणं उजव्या खांद्यावर, बोटांत दर्भ. धारेला ओढ होती, म्हणून बाळारामने बाजूला उभं राहून त्यांचं कोपर धरलं. त्या गावच्या सगळ्या अनाम लोकांसाठी पाणी सोडून झालं. कल्याणच्या पोरींनी होड्या सोडल्या आणि त्या सोपटाच्या होड्या, समुद्राकडे जायच्या त्या, भरतीच्या ओढीने उलट्या गावाकडेच निघाल्या. कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, "येऊ द्या, येऊ द्या घरी."

मग मी म्हटलं, "काश्यप गोत्र. हाना नावाची कन्या." आणि पुढचे शब्द निघेनात. तीस वर्षांत मंत्र अडलेला नव्हता, तो अडला. मी घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच.

जोमाबाबा माझ्यासाठी थांबले नाहीत. त्यांनी तीळ घेतले, वाकून दोन्ही हातांनी पाणी उचललं आणि अंगठ्याजवळून हळूहळू सोडलं. "पी गो बाय," ते म्हणाले. "पोटभर पी. तुझ्या बापानी धाडलाय."

बाळाराम मोठ्याने रडला. भरल्या काठावर, सगळ्यांदेखत, लहान मुलासारखा.

मुलीच्या नात्याला एक ओंजळ द्यायची असते. पुरे, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारा पुन्हा वाकला, आणि मी तोंड मिटलं. "पी गो बाय." पुन्हा वाकला. भरती भरून पाणी थांबेपर्यंत जोमाबाबा ओंजळीमागून ओंजळ देत राहिले, आणि बाळाराम त्यांचं कोपर धरून उभा होता.